वाङ्मयचौर्याचें माप : विद्यापीठीय नियमांचें परीक्षण

विद्यापीठ अनुदान आयोगानें इ. स. २०१८ च्या जुलै महिन्यांत उच्च शिक्षणसंस्थांसाठीं वाङ्मयचौर्यप्रतिबंधाचे नियम राजपत्रांत प्रसिद्ध केले. पदवीसाठीं प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक व संस्थांतील इतर संशोधक हे सर्व त्यांच्या कक्षेंत येतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस वाटेल कीं, हा विषय विद्यापीठांच्या कचेऱ्यांचा आहे. जुनीं दप्तरें चाळणाऱ्या व पोथ्या जमविणाऱ्या मंडळींस त्याचें काय? परंतु मराठ्यांच्या इतिहासावर आज जे प्रबंध लिहिले जातात, त्यांची इमारत अशाच मंडळींनीं मिळविलेल्या, वाचलेल्या व छापलेल्या कागदांवर उभी असते. विद्यार्थ्यानें दुसऱ्याचें काय घेतलें असतां तो दोषी ठरतो आणि काय घेतलें असतां निर्दोष सुटतो, हें ठरविणारा नियम आपल्याहि दाराशीं येऊन पोंचतो. म्हणून एखाद्या ग्रंथाचें करावें तसें या नियमांचें परीक्षण येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम नियम काय आहेत तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दुसऱ्याचें काम किंवा कल्पना घेऊन ती आपली म्हणून पुढें करणें, अशा आशयाची वाङ्मयचौर्याची व्याख्या त्यांत दिली आहे. प्रबंध संगणकीय तपासणींतून काढावयाचा, इतर लेखनाशीं त्याचें साम्य किती भरतें तें पाहावयाचें, आणि त्यावरून अपराधाची पायरी ठरवावयाची, अशी पद्धति आहे. शेंकडा १० पर्यंतचें साम्य किरकोळ समजून त्यास शिक्षा नाहीं. १० हून अधिक व ४० पर्यंत साम्य भरल्यास विद्यार्थ्यानें ठरवून दिलेल्या मुदतींत प्रबंध सुधारून पुन्हा सादर करावयाचा. ही मुदत ६ महिन्यांहून अधिक असूं नये. ४० हून अधिक व ६० पर्यंत भरल्यास सुधारलेला प्रबंध सादर करण्यास एक वर्षाची मनाई. ६० च्या वर गेल्यास त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द. अपराध पुन्हा घडल्यास शिक्षा एक पायरी वर चढते. पदवी मिळाल्यानंतर चौर्य सिद्ध झालें, तर समिति सुचवील व संस्थाप्रमुख मान्य करील तितका काळ पदवी स्थगित राहते.

मोजणींतून कांहीं गोष्टी वगळल्या आहेत. आवश्यक त्या परवानगीनें किंवा श्रेयनिर्देशासह उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूचि, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, सामान्य संज्ञा, कायदे, प्रमाणभूत चिन्हें व समीकरणें हीं साम्यांत धरावयाचीं नाहींत. सर्वांस ठाऊक असलेली माहिती व योगायोगानें जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे प्रयोग यांसहि सूट आहे. वर्गांतील निबंध, अभ्यासक्रमांतील प्रकल्पलेखन व उत्तरपत्रिका या नियमांच्या बाहेर ठेविल्या आहेत. तक्रारीची चौकशी प्रथम विभागाची तिघांची समिति करते व नंतर संस्थेची चौघांची समिति करते. प्रत्येकीस ४५ दिवसांची मुदत आहे. आरोप निःसंशय सिद्ध झाल्यावांचून, दाद मागण्याचे सर्व मार्ग संपल्यावांचून व बचावाची पुरेशी संधि दिल्यावांचून शिक्षा देऊं नये, असेंहि स्पष्ट सांगितलें आहे.

या नियमांचे गुण आधीं मान्य करणें न्यायाचें होईल. पायऱ्या ठरलेल्या असल्यामुळें शिक्षा कोणा एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहत नाहीं. विद्यार्थ्यास आपली बाजू मांडतां येते. चौकशीस मुदत आहे. शिवाय पदवी दिल्यानंतर महिन्याच्या आंत प्रबंधाची संगणकीय प्रत इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारासाठीं पाठविण्याचें बंधन संस्थांवर घातलें आहे. आमच्या मतें ही तरतूद सर्व शिक्षांहून अधिक परिणामकारक आहे. जो प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटांत पडून राहावयाचा, तो आतां कोणासहि वाचावयास सांपडतो. आणि ज्याचें घेतलें तोच वाचक होण्याचा संभव असल्यास घेणाऱ्याचा हात आपोआप आखडतो.

परंतु नियमांची व्याख्या आणि त्यांचें माप यांत मोठें अंतर पडलें आहे. व्याख्येंत 'दुसऱ्याचें काम किंवा कल्पना' असे शब्द आहेत. शेंकडेवारींत मात्र काम मोजलें जात नाहीं, कल्पनाहि मोजली जात नाहीं, केवळ शब्द मोजले जातात. शिक्षेच्या सर्व पायऱ्या या शेंकडेवारीवर बसविल्या असल्यामुळें व्यवहारांत व्याख्या मागें पडते व आंकडा पुढें येतो. आपल्या प्राचीन साहित्यशास्त्रज्ञांनीं हा भेद चांगला ओळखला होता. राजशेखरानें दहाव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या 'काव्यमीमांसे'ंत हरणाचा विचार करितांना शब्दहरण व अर्थहरण यांची चर्चा वेगवेगळ्या अध्यायांत केली आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून १९१६ सालीं तो छापला गेला, हें वाचकांस विदित आहेच. अर्थ सगळा दुसऱ्याचा व फक्त शब्दरचना निराळी, अशा काव्यास त्यानें 'प्रतिबिंबकल्प' असें नांव दिलें आहे. हजार वर्षांपूर्वीं काव्याच्या बाबतींत जो विवेक झाला होता, तो आजच्या शेंकडेवारींत उतरलेला नाहीं. तिला शब्दहरण तेवढें दिसतें. मराठी लेखांतला विचार इंग्रजी प्रबंधांत उतरला कीं शब्दसाम्य बहुधा उरतच नाहीं. आतां तर संगणकाकडूनच मजकूर लिहवून घेतां येतो. त्याचे शब्द कोणाच्याच पुस्तकाशीं जुळले नाहींत, म्हणून विद्यार्थ्यानें तें काम केलें असें होत नाहीं.

इतर शास्त्रांत या अंतरामुळें काय हानि होते तें त्या शास्त्राच्या अभ्यासकांनीं पाहावें. ऐतिहासिक संशोधनांत होणारी हानि मात्र विशेष प्रकारची आहे, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय तोच आहे.

ऐतिहासिक पत्र छापलें जातें, तेव्हां त्यामागें कोणते श्रम असतात? पहिला श्रम कागद मिळविण्याचा. राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. पुढें त्या मालेचे बावीस खंड झाले, ते गांवोगांव हिंडून व घरोघरचीं दप्तरें उलगडून झाले. दुसरा श्रम वाचनाचा. मोडींत शिरोरेघ आधीं ओढून तिच्याखालीं अक्षरें सलग लिहीत जाण्याची वहिवाट आहे. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हें नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. म्हणून शब्द कोठें तोडावा, हें ठरविणें हाच अर्थनिर्णय असतो. तिसरा श्रम काळ ठरविण्याचा आणि चौथा पत्रांतील माणसें व स्थळें ओळखण्याचा. हे चारहि श्रम करून संपादक जो बालबोध मजकूर छापतो, त्यांतला एकहि शब्द त्याचा स्वतःचा नसतो. शब्द पत्रलेखकाचे, पण काम सर्वस्वी संपादकाचें! शब्द मोजणाऱ्या यंत्रास हें काम दिसावें कसें?

काळनिर्णयाचें एक उदाहरण देतों. पेशवाईंतील पत्रांवर पुष्कळदां चंद्रमासाची तारीख व शुहूर सन असतो. शुहूर वर्ष मृगाच्या आरंभीं म्हणजे मेअखेरच्या सुमारास बदलतें. म्हणून इसवी सन काढतांना वर्षाच्या पहिल्या भागास ५९९ मिळवावे लागतात व जानेवारीपासून पुढच्या भागास ६००. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. तेव्हां शुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१, चालूं होता. आतां समजा, एका संपादकानें त्या महिन्यांतील एका पत्राच्या सनांत घाईनें ५९९ मिळविले. पत्र १७६० च्या जानेवारींत गेलें, आणि संग्रामाच्या दिवसांतलें वर्तमान संग्रामाआधीं एक वर्ष घडलेलें दिसूं लागलें. ही चूक हिशेबाची आहे व ती कोणाच्याहि हातून होऊं शकते. पण पुढचा विद्यार्थी तीच तारीख आपल्या प्रबंधांत घालतो आणि टीपेंत मूळ दप्तराचा हवाला देतो, तेव्हां ती चूक आतां 'मूळ पाहून' दुसऱ्यांदा सिद्ध झाल्यासारखी होते.

हा प्रकार अधिक नीट कळावा म्हणून एक कल्पित प्रबंध डोळ्यांपुढें आणूं. एका घराण्याच्या दप्तरांतून निवडलेलीं तीस पत्रें कोणी संपादकानें पूर्वीं छापलीं आहेत. विद्यार्थी तें पुस्तक समोर ठेवून प्रबंध लिहितो. पत्रांतील उतारे अवतरणचिन्हांत घालतो, आणि खालीं टीप देतो ती 'अमुक घराण्याचें दप्तर, पत्र अमुक' अशी. छापील पुस्तकाचें नांव कोठेंच नाहीं, किंवा असलें तर शेवटच्या सूचींत शंभर नांवांत एक. नियमांकडे पाहतां हा मजकूर श्रेयनिर्देशासह उद्धृत केलेला आहे. म्हणून तो मोजणींतून वगळला जातो. जुन्या छापील खंडांची अक्षरें संगणकास वाचतां येतील अशा रूपांत नसलीं, तर मुळांत साम्य आढळतच नाहीं. प्रबंध शेंकडा १० च्या आंत, विद्यार्थी निर्दोष, मार्गदर्शकाचें प्रमाणपत्र शुद्ध. आणि तरीहि मिळविणें, वाचणें, काळ ठरविणें व ओळखणें हे चारहि श्रम त्यानें दुसऱ्याचे घेतले व आपले म्हणून पुढें केले. व्याख्येप्रमाणें हें चौर्य आहे. मापाप्रमाणें तें शून्य आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, कागद कोणा संपादकाच्या मालकीचा नव्हे. एकदां छापला म्हणजे तो सर्वांचा झाला. कागद सर्वांचा झाला हें खरें. परंतु 'मीं तो पाहिला' हें विधान सर्वांचें होत नाहीं. दप्तराचा हवाला देणारा लेखक केवळ एका पत्राविषयीं बोलत नसतो. त्या पत्राच्या मागचें-पुढचें पत्र, पाठीवरची नोंद, शाईचा व हाताचा फरक, फाटलेली कड, हें सर्व आपण पाहिलें, असें वाचकानें समजावें अशी त्याची टीप असते. पेशवे दप्तरांतून गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत जे ४५ भाग संपादिले, ते नांवाप्रमाणें निवडलेले कागद आहेत. निवड म्हटली कीं कांहीं घेतलें व कांहीं सोडलें. ज्यानें फक्त निवड पाहिली, त्यास सोडलेल्याचें कांहींच सांगतां येत नाहीं. तेव्हां त्यानें दप्तराचें नांव घेणें म्हणजे न पाहिलेल्या कागदांची ग्वाही देणें होय.

याहून निराळा, पण वाढत्या प्रमाणावर आढळणारा एक प्रकार आहे. तो असा कीं, विद्यार्थी स्वतः मोडी शिकत नाहीं; पैसे देऊन जाणत्या वाचकाकडून लिप्यंतर करून घेतो. यांत गैर कांहीं नाहीं. वाचकाचा हा धंदा मानाचा आहे, आणि त्याच्यावांचून कित्येक दप्तरें मुकीं राहिलीं असतीं. परंतु प्रबंधांत त्या वाचकाचें नांव येत नाहीं, आणि 'मूळ मोडी कागदांच्या आधारें' असें वाक्य मात्र प्रस्तावनेंत झळकतें. मजुरी दिली म्हणून श्रेयहि विकत मिळालें, अशी समजूत यामागें दिसते. हें लिप्यंतर पूर्वीं कोठेंहि छापलेलें नसल्यामुळें कोणत्याहि यंत्रास त्याचें साम्य सांपडणें शक्य नाहीं.

आतां उलट बाजू पाहूं. जो विद्यार्थी खरोखर मेहनत करून अस्सल पत्रांचें परिशिष्ट जोडतो, त्याची स्थिति काय होते? जुन्या पत्रांचा मायना ठराविक असतो. 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' येथून निघून 'विनंति उपरि येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणें' येथपर्यंत येतां येतां, मधल्या पदव्या व आशीर्वचन धरून, चौदा शब्दांची मर्यादा मायन्यांतच ओलांडली जाते. सनदा, कौलनामे, महजर यांचेंहि तसेंच आहे. उद्धृत मजकूर वगळावा हा नियम असला, तरी वगळण्याचें काम तपासणी करणाऱ्या माणसानें समजून करावयाचें असतें. जेथें तो नुसता शेवटचा आंकडा पाहून प्रबंध परत करतो, तेथें प्रामाणिक विद्यार्थी अडचणींत येतो. हा दोष नियमाच्या अक्षरांचा नव्हे, त्याच्या अंमलबजावणीचा आहे. परंतु त्याचा परिणाम इतिहासाच्या साधनांवर होतो, म्हणून तो येथें सांगितला पाहिजे.

परिणाम असा कीं, आंकडा दहाच्या आंत आणण्यासाठीं विद्यार्थी शब्द बदलतो. स्वतःच्या निवेदनांतील शब्द बदलले तर फारसें बिघडत नाहीं. पण उताऱ्यांतील किंवा उताऱ्याच्या सारांशांतील शब्द बदलले, तर पुरावाच बदलतो. चौथाई व सरदेशमुखी या दोन निराळ्या बाबी. पहिली वसुलाचा चौथा हिस्सा, दुसरी दहावा. खंडणी तिसरीच. तिघींच्याहि जागीं 'कर' हा शब्द घातला, कीं यंत्र संतुष्ट होतें आणि इतिहास नाहींसा होतो. वतन, इनाम, सरंजाम व मोकासा या चारींस 'जमीन' म्हटलें, तर कोणाचा हक्क वंशपरंपरेचा व कोणाचा चाकरीपुरता, हा सगळा वादच पुसला जातो. चोरी पकडण्यासाठीं केलेल्या नियमानें साधनांची खराबी व्हावी, हें नियमकर्त्यांच्या मनांतहि आलें नसेल. पण आंकड्याची भीति मोठी झाली म्हणजे असें घडतें.

मग ऐतिहासिक प्रबंधांतील चौर्य ओळखावें कसें? त्यासाठीं नवें यंत्र शोधण्याची गरज नाहीं. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस ज्याचा परिचय आहे, तीच चिकित्सा येथें लागू पडते. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ सारखा आढळला, तर त्यावरून एक दुसरीवरून उतरली असें ठरत नाहीं. शुद्ध पाठ दोघींनाहि मुळांतून आलेला असूं शकतो. परंतु दोघींत एकच विचित्र चूक, एकच गळलेली ओळ, एकच भलत्या जागीं शिरलेलें पद आढळलें, म्हणजे त्यांचें नातें उघड होतें. जर्मन पंडित लाखमान यांच्या नांवानें ओळखली जाणारी पद्धति हीच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पुरी केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत पोथ्यांचीं कुळें लावतांना असल्याच विचाराचा उपयोग झाला आहे. छापील संग्रहांतील चुकीचें वाचन, चुकीचा शब्दच्छेद, चुकीचा इसवी सन, मुद्रणांतील दोष, हीं सर्व विद्यार्थ्याच्या 'मूळ दप्तरावरून' घेतलेल्या उताऱ्यांत जशींच्या तशीं उतरलीं असतील, तर त्यानें काय पाहिलें होतें तें सांगण्यास दुसरा साक्षीदार नको.

मात्र ही चिकित्सा जपून वापरावी लागते, कारण तिच्या निकालावर एका तरुणाची पदवी अवलंबून आहे. एखादें अक्षर मुळांतच असें असतें कीं, दोन चांगले वाचक स्वतंत्रपणें तेंच चुकतात. म्हणून एका चुकीवरून आरोप करूं नये. चुका अनेक असाव्यात, परस्परांशीं असंबद्ध असाव्यात, आणि मूळ कागद पाहणाऱ्याच्या हातून सहसा न होणाऱ्या असाव्यात. मूळ कागद उपलब्ध असेल तर तो समोर ठेवून ताडा घ्यावा. निःसंशय सिद्धतेची जी अट नियमांनीं घातली आहे, ती आंकड्यापेक्षां या मार्गानें अधिक चांगली पुरी होते, असें आम्हांस वाटतें.

इतका खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न उरतोच. केवळ संपादकाचा मान राखण्यासाठीं म्हटलें, तर तें कारण अपुरें आहे. इतिहासांत साक्षींची संख्या मोजावी लागते, हें खरें कारण होय. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरीं सांभाळली गेलेली शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रकाशांत आणली. शिवछत्रपतींच्या जन्माची फाल्गुन वद्य ३ शके १५५१ ही तिथि तींत आहे, आणि त्या तिथीच्या वादांत तिचें महत्त्व केवढें ठरलें हें सर्वांस ठाऊक आहे. ती छापील प्रत पाहून दहा जणांनीं तिथि लिहिली, तर साक्षी दहा होत नाहींत; साक्ष एकच राहते. दुसरा स्वतंत्र कागद सांपडेल तेव्हांच दुसरी साक्ष मिळते. दहापैकीं प्रत्येकानें 'मूळ पाहिलें' असें भासविलें, तर पन्नास वर्षांनीं येणाऱ्या संशोधकास एकाच्या जागीं अकरा साक्षी दिसतील, आणि तो फसेल. वाचनाच्या चोरीनें संपादकाचें नुकसान थोडें होतें. पुढच्या वाचकाचें फार होतें.

शिक्षांविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. प्रबंधांत ६० च्या वर साम्य भरल्यास विद्यार्थ्याची नोंदणी जाते, म्हणजे त्याचीं सर्व वर्षें व्यर्थ होतात. प्रसिद्ध लेखनांत तीच पायरी गांठणाऱ्या अध्यापकास लेख मागें घ्यावा लागतो, दोन वार्षिक वेतनवाढी गमवाव्या लागतात व तीन वर्षें नवे विद्यार्थी घेतां येत नाहींत; निलंबनाचा किंवा बडतर्फीचा प्रश्न तो अपराध पुन्हा केल्यावर येतो. प्रबंध व प्रसिद्ध लेख हे प्रकार भिन्न आहेत हें मान्य करूनहि, शिकणाऱ्यास पहिल्याच खेपेस बाहेर काढावें व शिकविणाऱ्यास दुसरी संधि द्यावी, हें प्रमाण उलटें वाटतें. शिवाय काम चौर्यरहित आहे असें प्रमाणपत्र मार्गदर्शकहि देतो. ज्या मार्गदर्शकानें तीन-चार वर्षांत विद्यार्थ्यास एकदांहि 'हा कागद तूं कोठें पाहिलास?' असें विचारलें नाहीं, त्याच्या सहीला काय किंमत द्यावी?

विद्यार्थ्यांच्या दोषांतहि भेद केला पाहिजे. छापील पुस्तकाचा उल्लेख टीपेंत राहून गेला, हा बहुधा अज्ञानाचा दोष असतो. त्यास पहिल्या पायरीचा उपाय, म्हणजे सुधारून पुन्हा सादर करणें, पुरेसा आहे. त्यांत शिकवणहि आहे. न पाहिलेलें दप्तर पाहिल्याचें सांगणें हा मात्र खोट्या साक्षीचा दोष आहे. तो शेंकडा दोन भरला तरी, आमच्या मतें, शेंकडा चाळीस शब्दसाम्याहून भारी समजला जावा.

यासाठीं नियम बदलण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आहेत त्याच चौकटींत पुढील गोष्टी करतां येतील. पहिली : प्रत्येक टीपेंत कागद मूळ रूपांत पाहिला, छायाचित्रावरून वाचला, कीं कोणाच्या छापील अगर हस्तलिखित वाचनावरून घेतला, हें तीन निराळ्या खुणांनीं दाखवावें. दुसरी : विभागाच्या समितींत तपासणीयंत्र जाणणारा एक सभासद असावा असें नियम सांगतात, इतिहासाच्या प्रबंधासाठीं लिपि व साधनें जाणणाराहि एक असावा. विभागाबाहेरील ज्येष्ठ विद्वानाची जी जागा संस्थाप्रमुखानें भरावयाची असते, ती अशा माणसानें भरतां येईल. तिसरी : कागदपत्रांचें परिशिष्ट मोजणींतून आरंभींच वेगळें काढावें, आणि आंकडा कमी करण्यासाठीं साधनांचा शब्द बदलणें हाच दोष मानावा. चौथी : तोंडी परीक्षेच्या वेळीं, प्रबंधांत हवाला दिलेल्या कागदांपैकीं एकाचें छायाचित्र उमेदवारापुढें ठेवून त्याला तो वाचावयास सांगावा. पांच मिनिटांत जें कळेल, तें कोणत्याहि शेंकडेवारीनें कळणार नाहीं. ज्यानें दुसऱ्याकडून वाचून घेतलें असेल त्यानें तसें सांगावें व वाचकाचें नांव द्यावें. त्यांत त्याला कमीपणा नाहीं.

शेवटीं आपल्या घराकडेहि पाहिलें पाहिजे. छापील संग्रहांतून ज्यांच्या माडीवर कागद दोनशें वर्षें टिकले त्या घराण्याचें नांव कित्येकदां सांपडत नाहीं. ज्यानें रात्रीं जागून नकला केल्या त्याचें तर बहुधा नसतेंच. कांहीं संग्राहक कागदांची यादी प्रसिद्ध करीत नाहींत, मूळ कोणास दाखवीत नाहींत, आणि मग विद्यार्थी छापील मजकुरावरच विसंबला म्हणून त्यालाच दोष देतात. मूळ कागद पाहण्याची सोय नसेल, तर 'मूळ पाहिलें' असें खोटें लिहिण्याचा मोह वाढणारच. आपल्याजवळ जें आहे त्याची यादी करावी, छायाचित्रें घेऊं द्यावींत, आणि आपण छापतों त्या प्रत्येक कागदाखालीं तो कोणी राखला व कोणी वाचला हें लिहावें. विद्यार्थ्यानें हवाला कसा द्यावा, हें त्याला आपल्या पानांवरून शिकतां आलें पाहिजे.